गोळीला बटण असतं तर...

बारावीच्या केमिस्ट्री प्रॅक्टिकलमधली 'ॲझो डाय टेस्ट' आठवते? टेस्ट ट्यूबमध्ये ॲनिलीन आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड घ्यायचं, ट्यूब बर्फात बुडवायची, वरून सोडियम नायट्राइटचं थंडगार द्रावण आणि शेवटी बीटा नॅफ्थॉल. एका क्षणात सगळी ट्यूब भगवी-लाल! जर्नलमध्ये 'अमाइन आहे' असं लिहायचं, सरांची सही घ्यायची आणि कँटीन गाठायचं. (बर्फ संपला असेल तर सहीही नाही आणि कँटीनही नाही.)

त्या लाल रंगाच्या पोटात असतात नायट्रोजनचे दोन अणू, एकमेकांना दुहेरी बंधाने धरून बसलेले, आणि दोन्ही बाजूंना कार्बनच्या कड्या. या जोडणीला ॲझो म्हणतात. तिचं सगळ्यात साधं रूप म्हणजे ॲझोबेंझीन: मधे दोन नायट्रोजन, अलीकडे एक बेंझीन, पलीकडे एक बेंझीन. बस्स. या रेणूची गंमत अशी की योग्य रंगाचा उजेड पडला की तो वाकतो, आणि अंधारात ठेवला की हळूहळू पुन्हा सरळ होतो. एवढ्याशा कसरतीवर आज औषधशास्त्राची एक नवी शाखा उभी राहतेय. तिचं नाव फोटोफार्माकॉलॉजी. म्हणजे प्रकाशाने चालू आणि बंद करता येतील अशी औषधं बनवणं.

मला यातल्या केमिस्ट्रीपेक्षा जास्त खिळवून ठेवलं ते तारखांनी. रेणू बनला १८३४ साली. तो उजेडात वाकतो हे कळलं १९३७ साली. त्याच्या मदतीने एखादं एन्झाइम चालू-बंद करता येतं हे दिसलं १९६८ साली. आणि त्याच घराण्यातलं एक औषध आंधळेपणावर उपाय म्हणून माणसाच्या डोळ्यात टोचलं गेलं २०२२ साली. म्हणजे १८८ वर्षं! आमच्याकडे प्रोजेक्ट दोन आठवडे लांबला तरी एस्कलेशनच्या मेल सुरू होतात. :-)

एवढा उशीर का झाला असेल? रेणू तर पहिल्या दिवसापासून वाकत होता. आजचा लेख या प्रश्नावर.

* * *

सुरुवात बर्लिनमध्ये. आइलहार्ड मिट्शरलिख हा तिथला प्राध्यापक. त्याने १८३४ साली बेंझीनपासून नायट्रोबेंझीन बनवलं आणि त्यावर पुढची प्रक्रिया करताना त्याला नारिंगी-लाल स्फटिक मिळाले. तेच ॲझोबेंझीन. बेंझीनची रचना षट्कोनी कडीची असते हे केकुलेने मांडलं १८६५ साली, तेव्हा आपण बनवलेला रेणू दिसतो कसा याची मिट्शरलिखला कल्पना असणं शक्यच नव्हतं. एक नवा पदार्थ मिळाला, त्याची नोंद झाली, आणि तो वहीत पडून राहिला.

पुढे आली रंगांची लाट. १८५६ साली विल्यम पर्किनने लंडनमध्ये मॉव्ह हा जांभळा रंग बनवला आणि डांबरातून निघणाऱ्या रसायनांत पैसा आहे हे जगाला कळलं. १८५८ साली पीटर ग्रीस या जर्मन रसायनज्ञाने डायझो संयुगं शोधली. ॲनिलीनवर थंडीत नायट्राइटची क्रिया केली की एक चपळ, अस्थिर पदार्थ मिळतो आणि तो दुसऱ्या कडीला जाऊन चिकटला की रंग तयार होतो. म्हणजे आपली बारावीची टेस्ट! हा ग्रीस पुढची बरीच वर्षं इंग्लंडमध्ये बर्टन गावातल्या ऑलसॉपच्या बिअर कारखान्यात केमिस्ट होता. दिवसा बिअर, उरलेल्या वेळात डायझो. 'साइड प्रोजेक्ट' ही काही आपल्या पिढीने शोधलेली गोष्ट नाही.

ग्रीसच्या या एका क्रियेवर अख्खा उद्योग उभा राहिला. बिस्मार्क ब्राउन, काँगो रेड, टायट्रेशनमध्ये वापरतो तो मिथिल ऑरेंज, मिठाईतला टारट्राझिन, हळदीत भेसळ म्हणून सापडणारा मेटॅनिल यलो, हे सगळे ॲझो कुटुंबातले. आजही जगात वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी निम्म्याहून जास्त रंग ॲझो आहेत.

आता या लोकांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही कापड रंगवताय. रंगाकडून तुमची अपेक्षा काय? तो पक्का हवा. धुतल्यावर जाऊ नये, उन्हात बदलू नये. उजेडात रंगाचं काही होत असेल तर तो माल खराब! शंभर वर्षं जगभरचे हुशार लोक या रेणूकडे बघत होते, पण 'उजेडात हा बदलतो' हे वाक्य त्यांच्यासाठी फक्त तक्रारीच्या खात्यात जात होतं.

आणखी एक अडचण होती. ॲझोबेंझीन वाकलं तरी डोळ्याला फारसं काही दिसत नाही. सरळ रूप नारिंगी, वाकलेलं रूपही नारिंगीच, फक्त छटा थोडी गडद. निळ्याचं लाल झालं असतं तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ओरडला असता.

* * *

१९३७ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये जी. एस. हार्टली नावाचा संशोधक काम करत होता. त्याचा विषय ना रंग, ना औषधं. साबणासारखे रेणू पाण्यात गोळा होऊन गुच्छ करतात आणि त्या गुच्छांत तेलकट पदार्थ विरघळतात, त्याचा तो अभ्यास करायचा. विरघळवायला ॲझोबेंझीन सोयीचं होतं, कारण ते रंगीत. रंग किती गडद हे मोजलं की किती विरघळलं ते कळतं.

पण आकडे जुळेनात. तेच द्रावण, तेच उपकरण, आणि मापं वेगळी. सॉफ्टवेअरवाल्यांना ही अवस्था सांगायला नको. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणायचं आणि तिकीट बंद करायचं, हा राजमार्ग त्यालाही मोकळा होता. सरासरी काढून तो पुढे गेला असता तर कोणी विचारलंही नसतं. त्याने तसं केलं नाही. फरक उजेडामुळे पडतोय हे त्याने शोधून काढलं, द्रावण प्रकाशात ठेवून त्यातून रेणूचं दुसरं रूप वेगळं काढलं, आणि 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण छापलं. विषय: ॲझोबेंझीनचं सिस रूप.

सिस आणि ट्रान्स म्हणजे काय, ते दोन ओळींत सांगतो. दुहेरी बंधाभोवती रेणूला मोकळेपणी फिरता येत नाही. त्यामुळे दोन्ही बेंझीन कड्या विरुद्ध बाजूंना असतील तर तो ट्रान्स, एकाच बाजूला असतील तर सिस. ट्रान्स म्हणजे हात पसरून उभा राहिलेला माणूस, सिस म्हणजे दोन्ही हात एकीकडे करून वाकलेला. ट्रान्सवर ३२० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश टाकला की सिस. सिसवर निळा प्रकाश टाकला, किंवा नुसतं अंधारात ठेवलं, की परत ट्रान्स. या वाकण्यात रेणूच्या दोन टोकांमधलं अंतर सुमारे ०.९ नॅनोमीटरवरून ०.५५ नॅनोमीटरवर येतं. आपल्या दृष्टीने हे काहीच नाही. पण प्रोटीनच्या खोबणीत बसणाऱ्या औषधाच्या दृष्टीने ही किल्ली वाकडी होण्यासारखी गोष्ट आहे.

हार्टलीला या किल्लीशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला त्याची मापं बरोबर यायला हवी होती. ती आली, आणि तो आपल्या कामाला लागला.

* * *

याच सुमाराला ॲझो रंगांनी औषधांच्या जगातही खळबळ उडवली होती, पण वेगळ्याच कारणाने. जर्मनीतल्या बायरच्या प्रयोगशाळेत गेर्हार्ड डोमाकने प्रोंटोसिल नावाचा लाल ॲझो रंग जंतुसंसर्ग झालेल्या उंदरांना दिला आणि उंदीर वाचले. १९३५ साली हे प्रसिद्ध झालं. पेनिसिलिन अजून बाजारात यायचं होतं, त्यामुळे ही केवढी मोठी गोष्ट होती बघा. १९३९ साली डोमाकला नोबेल जाहीर झालं आणि नाझी सरकारने त्याला ते नाकारायला लावलं.

पण प्रोंटोसिलचं एक कोडं होतं. काचेच्या नळीत ते जंतूंना काहीच करायचं नाही, चालायचं फक्त शरीरात! पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या लोकांनी १९३५ सालीच ते सोडवलं. शरीरात गेल्यावर ॲझो बंध तुटतो आणि त्यातून सल्फानिलामाइड बाहेर पडतं. खरं औषध ते. लाल रंग नुसतं वेष्टन.

या शोधाने औषधशास्त्रज्ञांच्या डोक्यात ॲझोबद्दल एक गोष्ट पक्की बसली, की हा बंध शरीरात तुटतो. त्यात बटर यलो नावाच्या ॲझो रंगाने उंदरांना यकृताचा कॅन्सर होतो हेही १९३० च्या दशकातच दिसलं होतं. म्हणजे बंध तुटणार, आणि तुटल्यावर काय बाहेर पडेल याची खात्री नाही. नव्या औषधात ॲझो दिसला की लाल शेरा! काही ठिकाणी याच दोषाचा फायदा मात्र घेतला गेला. मोठ्या आतड्याच्या सुजेवर दिलं जाणारं सल्फासॅलाझिन ॲझोच आहे. आतड्यातले जीवाणू तो बंध तोडतात आणि औषध नेमकं तिथेच मोकळं होतं.

तर अशी परिस्थिती. रंगवाल्यांना हा रेणू बदलायला नको होता, आणि औषधवाल्यांना मुळात तो रेणूच नको होता.

* * *

प्रकाश आणि औषध ही जोडी नवी नाही. आपल्याकडे कोडावर बावचीचं तेल लावून उन्हात बसायचा उपाय फार जुना आहे. बावचीत सोरालेन असतं, ते अतिनील प्रकाशात काम करतं, आणि आजच्या त्वचारोगतज्ज्ञांची सोरालेन-अतिनील उपचारपद्धती त्याच तत्त्वावर चालते. पण तिथे प्रकाश पडला की सोरालेन डीएनएला कायमचं चिकटतं. पुढे १९७० च्या दशकात 'पिंजऱ्यातले रेणू' आले. प्रकाश टाकला की पिंजरा तुटतो आणि आतला रेणू सुटतो. तेही एकदाच. फटाक्याची वात आणि दिव्याचं बटण यांत जो फरक आहे, तो इथे आहे. पुन्हा बंद करता येतं ते बटण.

गंमत म्हणजे असं बटण तुमच्या-माझ्या डोळ्यात आहे. तुम्ही हे वाचू शकताय ते त्याच्यामुळेच. डोळ्याच्या पडद्यात रेटिनल नावाचा रेणू वाकलेल्या अवस्थेत बसलेला असतो. त्यावर प्रकाश पडला की तो सरळ होतो, त्याला धरून बसलेल्या प्रोटीनला धक्का बसतो, आणि मेंदूकडे निरोप जातो. दृष्टीच्या प्रक्रियेत प्रकाशाचं काम एवढंच, हे रूथ हबर्ड आणि ॲलन क्रॉफ यांनी १९५८ साली दाखवलं. दृष्टीच्या रसायनावर आयुष्यभर काम करणाऱ्या जॉर्ज वॉल्डला १९६७ साली नोबेल मिळालं.

आता पुढची तारीख बघा. १९६८. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बर्नार्ड अर्लांगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका एन्झाइमला रोखणारा रेणू ॲझो जोडून बनवला. रेणूचं एक रूप एन्झाइमला जास्त रोखायचं, दुसरं कमी. म्हणजे उजेडाने एन्झाइमचा वेग बदलता आला! मग डेव्हिड नाखमानझोन त्याच्या जोडीला आला. हा बर्लिनमध्ये वाढलेला, नाझींमुळे देश सोडावा लागलेला. मज्जातंतूंत वीज कशी खेळते हा त्याचा ध्यास, आणि प्रयोगाला प्राणी विजेचा मासा, ज्याला इलेक्ट्रिक ईल म्हणतात तो. १९६९ ते १९७१ या काळात या मंडळींनी ईलच्या पेशींवर ॲझोचे रेणू वापरून दाखवले. त्यातला बिस-क्यू नावाचा रेणू सरळ असताना पेशीचा रिसेप्टर जोरात चालू करायचा, आणि अतिनील प्रकाशाने वाकवला की जवळजवळ निकामी व्हायचा.

म्हणजे आज ज्याला फोटोफार्माकॉलॉजी म्हणतात त्याची तत्त्वं १९७१ साली तयार होती. तरी पुढची तीस वर्षं शांतता. अगदीच शांतता नव्हे. हेन्री लेस्टरसारख्या लोकांनी रिसेप्टर किती वेगाने उघडतो-मिटतो हे मोजायला बिस-क्यू वापरला. पण तो उपकरण म्हणून. इतक्या नेमक्या बटणाची गरज असणारं गिऱ्हाईकच अजून दुकानात आलं नव्हतं.

* * *

गिऱ्हाईक आलं ते मेंदूच्या अभ्यासातून. लाखो न्यूरॉन एकमेकांत गुंतलेले, त्यातला नेमका एक गट क्षणभर चालू करून बघायचा आहे. विजेची तार घातली तर आजूबाजूचे सगळेच जागे होतात. औषध घातलं तर ते पसरतं आणि काढून घेता येत नाही. प्रकाश मात्र हव्या त्या जागी, हव्या त्या मिलिसेकंदाला टाकता येतो.

२००४ साली बर्कलीमध्ये डर्क ट्राउनर, एहूद इसाकॉफ आणि रिचर्ड क्रेमर यांच्या गटांनी एक सुंदर जुगाड केलं. (हा शब्द मी आदरानेच वापरतोय.) न्यूरॉनच्या आवरणात पोटॅशियम बाहेर सोडणारी भोकं असतात. अशा एका भोकाच्या काठाला त्यांनी ॲझोबेंझीनची साखळी बांधली आणि साखळीच्या टोकाला बूच लावलं. घरी वॉशबेसिनला साखळीचं बूच असतं, अगदी तसं. रेणू सरळ असला की साखळी भोकापर्यंत पोचते आणि बूच बसतं. ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने तो वाकला की साखळी आखूड होते आणि बूच निघतं. ५०० नॅनोमीटरचा हिरवट प्रकाश टाकला की पुन्हा बूच. प्रकाशाने न्यूरॉन गप्प करायचा, प्रकाशाने बोलता करायचा.

त्यात एक मेख होती. साखळी बांधायला भोकाच्या जीनमध्ये बदल करावा लागायचा. २००५ साली शेवाळातलं प्रकाश ओळखणारं प्रोटीन थेट न्यूरॉनमध्ये घालून ऑप्टोजेनेटिक्स आलं आणि जीन बदलायचाच असेल तर ते जास्त सोपं ठरलं. ॲझोवाल्यांना मग स्वतःला एक प्रश्न विचारावा लागला: जीनला हात न लावता, नुसतं औषध देऊन हे जमेल का? २००८ साली क्रेमर आणि ट्राउनर यांच्या गटांनी असा रेणू बनवला. आणि तिथून हे प्रकरण प्रयोगशाळेतून दवाखान्याच्या दिशेने वळलं.

* * *

दवाखान्याचा विषय निघालाच आहे तर थोडं घरचं. माझी आजी मधुमेहाची ग्लिमेपिराइड घेते. गेल्या वर्षी आषाढी एकादशीला तिने उपास केला, पण गोळी मात्र नेमाने घेतली. संध्याकाळी तिला दरदरून घाम आला, हात थरथरायला लागले, आणि ती माझ्या वडिलांना तिच्या भावाच्या नावाने हाका मारायला लागली. साखर मोजली तर ४८. साखरपाणी दिलं, ती सावरली. पण डॉक्टर फोनवर म्हणाले की गोळीचा अंमल अजून आहे, रात्रभर लक्ष ठेवा. मी आणि बाबा पहाटेपर्यंत तासातासाला तिचं बोट टोचून साखर बघत बसलो होतो.

ही गोळी कशी काम करते? स्वादुपिंडाच्या पेशींतली पोटॅशियमची भोकं बंद करते, त्यामुळे इन्सुलिन बाहेर पडतं. पोटात अन्न आहे की नाही हे तिला माहीत नसतं. गिळली की दिवसभर तिचं काम चालू. मधे थांबवायची सोय नाही, कारण आपण औषधांना तसं बटणच दिलेलं नाही.

म्हणून २०१४ सालचा जेबी२५३ वाचताना मी सावरून बसलो. तोपर्यंत म्युनिकला गेलेला ट्राउनर आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधले लोक यांनी ग्लिमेपिराइडच्याच सांगाड्यात ॲझो बसवला. स्वादुपिंडाच्या पेशींवर निळा प्रकाश टाकला की इन्सुलिन वाढतं, प्रकाश काढला की कमी होतं. हे झालं काचेच्या थाळीतल्या पेशींवर. माणसाचं स्वादुपिंड पोटात खोलवर असतं आणि तिथे निळा प्रकाश पोचत नाही. आजीच्या गोळीपासून हे अजून खूप लांब आहे, पण दिशा कळते.

अशी आणखी उदाहरणं आहेत. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात बेन फेरिंगाच्या गटाने (यालाच २०१६ साली रेण्वीय यंत्रांसाठी नोबेलचा वाटा मिळाला) २०१३ साली क्विनोलोन प्रकारच्या अँटिबायोटिकला ॲझो जोडला. प्रकाश दिला की औषध जंतू मारतं, आणि मग काही तासांत आपोआप मावळतं. याचा उपयोग? आपण घेतलेल्या अँटिबायोटिकचा बराच भाग शरीराबाहेर पडून गटारात, नदीत जातो, आणि तिथले जंतू त्याला सरावतात. बाहेर पडायच्या आत औषध मावळलं तर तो धोका कमी होईल. २०१५ साली फोटोस्टॅटिन आले. पेशींचं विभाजन रोखणारे हे रेणू अंधारात गप्प असतात आणि निळ्या प्रकाशात जागे होतात. केमोथेरपीत गाठीबरोबर केस, आतडी, रक्त सगळंच का भरडलं जातं हे घरात कोणी भोगलं असेल तर 'फक्त गाठीवर उजेड टाकू' या कल्पनेची किंमत वेगळी सांगायला नको.

* * *

हे रेणू बनवतात कसे? ऐकून बरं वाटेल, की आपल्या बारावीच्याच रसायनाने! एक मार्ग ग्रीसचा, १८५८ चा. दुसरा चार्ल्स मिल्सचा, १८९५ चा: एका कडीवर नायट्रोसो गट, दुसरीवर अमाइन, ॲसेटिक ॲसिडमध्ये दोन्ही एकत्र ढवळायचे, पाणी बाहेर पडतं आणि ॲझो तयार. डिझाइनची युक्तीही साधी आहे. माहितीतलं औषध घ्यायचं, त्यात दोन कड्या छोट्या पुलाने जोडलेल्या कुठे आहेत ते शोधायचं, आणि तो पूल काढून तिथे दोन नायट्रोजन बसवायचे. एक प्रकारचं 'फाइंड अँड रिप्लेस'. फ्लास्कला ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळायचा म्हणजे रेणू आपल्या नकळत वाकत नाही. १९३७ साली हार्टलीला ज्याने छळलं तीच गोष्ट आता प्रयोगाची पहिली खबरदारी झाली आहे.

अवघड भाग रेणू बनवून झाल्यावर सुरू होतो. मोबाइलचा टॉर्च बोटांच्या मागे धरून बघा. बोटं लाल दिसतात, कारण निळा-हिरवा प्रकाश आतच शोषला जातो आणि लालच तेवढा पार येतो. साध्या ॲझोबेंझीनला हवा अतिनील. म्हणून टोरांटोमध्ये अँड्र्यू वूलीने २०११ च्या सुमाराला रेणूच्या चार कोपऱ्यांवर मेथॉक्सी गट लावून तो हिरव्या आणि पुढे लाल प्रकाशाकडे सरकवला. बर्लिनमध्ये स्टेफान हेख्तच्या गटाने २०१२ साली त्याच चार जागी फ्लोरीन लावला. त्याचं वाकलेलं रूप खोलीच्या तापमानाला इतकं टिकतं की निम्मं सरळ व्हायला सुमारे दोन वर्षं लागतात.

शिवाय हे आपल्या कॉम्प्युटरच्या शून्य-एकसारखं स्वच्छ नसतं. प्रकाश टाकल्यावर सगळे रेणू वाकत नाहीत. काही सरळच राहतात. आणि 'बंद' औषधातले थोडे रेणू जरी चालू राहिले तरी ते औषध पुरतं बंद नसतं.

पण मला सगळ्यात विचारात पाडलं ते डीफॉल्टच्या प्रश्नाने. ॲझोबेंझीनला अंधारात सरळ राहायला आवडतं. आणि मूळ औषधाच्या आकाराशी बहुतेक वेळा सरळ रूपच जुळतं. म्हणजे अंधारात औषध चालू, उजेडात बंद! २०१२ साली प्रोपोफोल या भुलीच्या औषधाचं असंच रूप बनवलं होतं. बेडकाची पारदर्शक पिल्लं त्यात गुंगून पडायची आणि जांभळा प्रकाश टाकला की उठून पोहायला लागायची. बघायला मजा आहे, पण माणसाच्या शरीरात सगळीकडे अंधारच असतो. असं औषध दिलं तर ते सगळीकडे चालू राहणार, आणि बंद करायला अख्खा माणूस उजळावा लागणार. लिफ्टचा ब्रेक वीज गेली की लागतो, सुटत नाही. औषधालाही तसंच हवं: काहीच केलं नाही तर ते बंद असलं पाहिजे. जर्मनीत कील विद्यापीठातल्या राइनर हेर्गेसच्या गटाने २००९ साली दाखवलं की दोन्ही कड्यांना एका छोट्या पुलाने बांधलं की स्वभाव उलटतो. असा रेणू अंधारात वाकलेला राहतो आणि प्रकाशात सरळ होतो. माझ्या मते या सगळ्या कथेतलं हे सगळ्यात कमी गाजलेलं आणि सगळ्यात महत्त्वाचं पान आहे.

* * *

मग माणसापर्यंत आधी काय पोचलं? जिथे प्रकाश न्यावा लागत नाही, आपोआप येतो, तो अवयव: डोळा.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजारात पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरत जातात, पण त्यांच्यामागच्या, मेंदूकडे निरोप नेणाऱ्या पेशी बऱ्याच उरतात. म्हणजे कॅमेरा गेला, वायरिंग शाबूत. २०१२ साली क्रेमरच्या गटाने आंधळ्या उंदरांच्या डोळ्यात ॲझोचा रेणू टोचला आणि त्या उरलेल्या पेशीच प्रकाशाला उत्तर द्यायला लागल्या. पहिल्या रेणूला प्रखर आणि लघुलहरींचा प्रकाश लागायचा. २०१४ चा पुढचा रेणू साध्या पांढऱ्या उजेडावर चालला. त्याच्याही पुढचा बेनॅक, जो केआयओ-३०१ या नावाने २०२२ साली ऑस्ट्रेलियात ॲडलेडमध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचणीत गेला. रुग्ण सहा, सगळे जवळजवळ पूर्ण दृष्टी गेलेले. २०२३ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत औषधामुळे गंभीर त्रास दिसला नाही, आणि काहींना प्रकाश पूर्वीपेक्षा बरा जाणवल्याच्या खुणा होत्या. सहा माणसांवरून मोठं विधान करता येत नाही. खिडकी कुठे आहे, दिवा चालू आहे की बंद, एवढं कळणं म्हणजे काय, हे त्या सहा जणांनाच विचारायला हवं.

मागे वळून बघितलं तर या १८८ वर्षांत रेणूत काहीच बदललं नाही. बदलत गेला तो त्याला विचारलेला प्रश्न. रंगवाल्यांनी विचारलं, तू टिकतोस का? हार्टलीने विचारलं, तू माझे आकडे का बिघडवतोस? अर्लांगरने विचारलं, तू डोळ्यातल्या रेणूसारखं वागशील का? आणि आता विचारतायत, कोणीच लक्ष देत नसताना तू गप्प बसशील का? या शेवटच्या प्रश्नाचं 'हो' असं उत्तर देणारे रेणू आता बनायला लागलेत. ते शरीराच्या आत, टॉर्च पोचत नाही तिथपर्यंत कसे वापरायचे, यावर बरीच डोकी कामाला लागली आहेत.

असो. लेख फारच लांबला. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकंफुलकं.